पद्मिनी सकाळी स्टार्ट होत नाही? मिक्श्चर स्क्रूला हात लावण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी! थंडी पडली की जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीवाल्यांची तक्रार ठरलेली. दुपारी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते, सकाळी मात्र बॅटरी उतरेपर्यंत दाद देत नाही. त्यावरचा उपायही ठरलेला: स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) मिक्श्चर स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा. मग गाडी स्लोला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू असताना, गचके देते, पेट्रोल पिते, थोड्याच दिवसांत प्लग काळे पडतात आणि सकाळची रड आहे तशीच राहते. म्हणून सांगतो, त्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. आता ज्या गाड्या उरल्यात त्या तुमच्या-आमच्या दारात आहेत. ते 1089 सीसीचं इंजिन आपणच नीट समजून घ्यायला हवं, कारण कार्ब्युरेटरवर हात बसलेले मिस्त्री कमी होत चाललेत.

आधी थंड इंजिनाची अडचण बघू. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. गरम इंजिनाला 1 किलो पेट्रोलमागे साधारण 14.7 किलो हवा लागते. पण सकाळी मॅनिफोल्ड, म्हणजे मिश्रण सिलिंडरकडे नेणारी नळी, गार असतं, बरंचसं पेट्रोल भिंतींना चिकटून बसतं आणि वाफ होते ती थोडीशीच. म्हणून तेवढ्या वेळापुरतं मिश्रण खूप जास्त रिच, म्हणजे जादा पेट्रोलचं, करावं लागतं, आणि ते काम चोकचं आहे. मिक्श्चर स्क्रू फक्त स्लोचं मिश्रण ठरवतो.

तेव्हा पहिली तपासणी चोकची. एअर क्लीनर काढा, एकाला आत बसवून चोक ओढायला सांगा आणि तुम्ही कार्ब्युरेटरकडे बघा. नॉब पूर्ण बाहेर आला तरी इथली तरफ अर्धीच फिरते, असं जुन्या केबलमध्ये हमखास दिसतं. केबल ढिली झालेली असते किंवा तिचं बाहेरचं आवरण क्लिपमधून सरकलेलं असतं. आता नॉब आत ढकलायला सांगा. तरफ पूर्ण मागे यायलाच हवी. नाही आली, तर दिवसभर तुम्ही चोकवर गाडी चालवताय. ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर आधी हे दुरुस्त करा, मग ऑइल बदला.

अजून एक गोष्ट, ही फार जण चुकवतात. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी झडप दिसते का बघा. झडप नसेल आणि चोकची केबल बाजूच्या तरफेला जोडलेली असेल, तर ती सोलेक्स कंपनीच्या कार्ब्युरेटरची स्टार्टर पद्धत आहे. तिच्यात जादा पेट्रोलची वाट वेगळी असते, आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) बंद असतानाच इंजिनाची ओढ त्या वाटेवर येते. म्हणजे सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तुम्ही स्वतःच चोक निकामी करता. पाय बाजूला ठेवा, चोक पूर्ण ओढा, सेल्फ मारा. इंजिन धरलं की चोक हळूहळू आत.

गाडी आठ-पंधरा दिवस उभी असेल तर फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या भांड्यातलं) पेट्रोल उडून गेलेलं असतं. तेव्हा बॅटरीला छळू नका. इंजिनावरच्या मेकॅनिकल पेट्रोल पंपाला हाताने मारायची छोटी दांडी असते. तुमच्या पंपाला असेल तर तिने चेंबर भरून घ्या.

एवढं करूनही चालू होत नसेल तर प्लग काढा. [प्लग कॅमेऱ्याजवळ धरून] हा बघा. टोकाशी कोरडी, हाताला लागणारी काजळी म्हणजे मिश्रण रिच. हा दुसरा ओला आहे, पेट्रोलचा वास येतोय. म्हणजे पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाहीये. अशा वेळी करंट तपासा: पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले करंट जोडतोड करणारे संपर्क) जळलेत का, कंडेन्सर, प्लगच्या वायरी. मी बघितलेल्या बऱ्याच ‘कार्ब्युरेटर खराब’ गाड्यांचं दुखणं पॉइंटमध्ये निघालंय. पांढराफटक प्लग म्हणजे लीन, मिश्रणात पेट्रोल कमी. फिकट तपकिरी असेल तर मिश्रणाला हात लावू नका.

लीनबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला 1 किलोमागे साधारण 9 किलोच हवा लागते, त्यामुळे या मिश्रणाचा आकडा 13.5 च्या आसपास येतो. तुमचा जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, मात्र जुन्या पेट्रोलच्या हिशोबाचा आहे. म्हणजे काहीही न बिघडता गाडी लीन झाली! शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता बरीच जास्त लागते, तेव्हा सकाळचा त्रास आणखी वाढतो. यावर खरा उपाय म्हणजे जाणकाराकडून जेट एक नंबर मोठा बसवून घेणं. जुने रबरी पाइपही बदला, इथेनॉलने ते फुगतात आणि तडकतात.

पण जेट बदलण्याआधी हवेची गळती तपासा. इंजिन स्लोला ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाशी, गॅस्केटच्या कडेने स्प्रेच्या बाटलीतून साधं पाणी मारा. डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाणार नाही हे सांभाळा. आवाज बदलला की तिथून हवा ओढली जातेय. इथे पेट्रोल किंवा क्लीनर फवारू नका, आग लागेल.

हे सगळं ठीक असेल तरच मिक्श्चर स्क्रू. इंजिन पूर्ण गरम, चोक आत. बंद इंजिनावर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या. आवळू नका, त्याच्या टोकाला कडं पडतं आणि मग तो कधीच नीट सेट होत नाही. तिथून दीड फेरा बाहेर, आणि इंजिन चालू करा. आता पाव-पाव फेरा फिरवत जिथे स्लो सगळ्यात वर आणि एकसारखा लागतो ती जागा शोधा. मग स्पीडचा स्क्रू थोडा कमी करा. एक चक्कर मारून या, गार झाल्यावर प्लग पुन्हा काढा आणि चारही प्लगचा रंग शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकच वेगळा दिसला तर तो दोष कार्ब्युरेटरचा नाही, त्या सिलिंडरचा आहे.