खालच्या मजल्याची बेल वाजवा

एका वाचनालयाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. श्रोत्यांचे काही प्रश्न मजकुरातच घेतले आहेत.

नमस्कार. माईक जरा खाली घेते. माझ्या उंचीचं आणि माईकचं आजवर कधी जमलेलं नाही.

मला विषय दिलाय पहिल्यांदा घरात पैसे गुंतवणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगण्याचा. मी इंजिनिअर नाही, सल्लागारही नाही. सव्वीस वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते. म्हणजे दुसऱ्यांच्या घरांचे कागद बघण्यात नोकरी गेली. त्यामुळे आपण स्वतः फ्लॅट घेऊ तेव्हा आपल्याला कोण फसवणार, अशी माझी एक घमेंड होती. ती कशी उतरली ते सांगते.

२०१४ साल. कोथरूडमध्ये १९८७ ची तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. जाहिरातीत ५६० चौरस फूट, पण ते बिल्टअप, म्हणजे भिंतींची जाडी धरून. आम्ही टेप लावून मोजला तेव्हा आतली वापरायची जागा ४४० च्या आसपास भरली. भाव ठरला ४२ लाख. आम्हाला तिथे राहायचं नव्हतं, भाड्याने द्यायचा होता.

४२ लाख म्हणजे ४२ लाख नव्हे, हे नवख्या माणसाने आधी वहीत लिहावं. तेव्हा पुण्यात मुद्रांक शुल्क सगळं धरून ६ टक्के होतं, म्हणजे २ लाख ५२ हजार. नोंदणीचे ३० हजार. एजंटचा एक टक्का, ४२ हजार. सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करून द्यायला सोसायटी घेते ती रक्कम, २५ हजार. साडेतीन लाख गेले आणि अजून भिंतीत खिळासुद्धा ठोकलेला नाही! आता पुण्यात ७ टक्के लागतात, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ६. नोंदणी शुल्क मात्र ३० हजारांच्या वर जात नाही. आणि महापालिका हद्दीत सोसायटीला २५ हजारांपेक्षा जास्त अधिमूल्य घेता येत नाही. काही ठिकाणी ‘इमारत निधीला स्वेच्छेने’ लाखभर द्या म्हणतात. त्या स्वेच्छेचा आकडा सेक्रेटरीच सांगतात, ही त्यातली गंमत. व्यवहार ५० लाख किंवा वरचा असेल तर विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस, म्हणजे त्याच्या आयकरापोटीची रक्कम, कापून सरकारात भरायचा असतो. हे काम घेणाऱ्याचं. विसरलात तर नोटीस तुमच्या घरी येते, विकणारा तोवर पोरांकडे बंगलोरला पोचलेला असतो.

कागदांचं मी चोख केलं. तीस वर्षांचा सर्च काढला, म्हणजे नोंदणी कार्यालयात जुने व्यवहार शोधले, प्रत्येक खरेदीखताचं इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, जुळवलं, भाग दाखल्यावर, म्हणजे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, कुणाचं नाव आहे ते पाहिलं, भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी, पाहिलं, सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी हस्तांतर, झालंय का तेही पाहिलं. यातलं एक सांगून पुढे जाते, कारण बँकेत या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त लोकांना परत पाठवलं असेल. वडील गेले, मुलगा नॉमिनी, सोसायटीच्या रजिस्टरला त्याचं नाव लागलं, आणि तो विकायला निघाला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हो! दोन बहिणी असतील तर त्यांचा हिस्सा तसाच उभा आहे. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोड पत्र हातात आल्याशिवाय इसाराचा रुपया देऊ नका. बहीण ‘तोंडी हो म्हणाली आहे’, हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. भाऊबीजेपर्यंत ते टिकतं.

तर कागद मी बघितले आणि घर बघायचं काम आमच्या ह्यांच्याकडे होतं. ते बसलेत तिसऱ्या रांगेत, हसतायत. ह्यांनी बाथरूम बघितलं. छतापर्यंत नव्या टाइल्स, चकचकीत नळ. आम्हाला वाटलं, चला, हा खर्च तरी वाचला. रंग लावला, ओटा बदलला, भाडेकरू ठेवला. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, रीतसर नोंदवून. आपल्याकडे तो नोंदवणं सक्तीचं आहे, नुसतं स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागत नाही.

तिसऱ्या महिन्यात भाडेकरूचा फोन, खालच्या काकू तुम्हाला भेटायचं म्हणतायत. गेले. सत्तरीच्या बाई, एकट्या राहणाऱ्या. भांडणाच्या तयारीने गेले होते मी, खोटं कशाला बोलू. त्यांनी आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या, ‘अगं, तू नवीन आहेस म्हणून दाखवते,’ आणि मला त्यांच्या बाथरूममध्ये नेलं.

छताला लोखंडी हुक. हुकाला तारेने टांगलेला वनस्पती तुपाचा जुना पिवळा डबा. वरच्या ओल्या डागातून थेंब डब्यात पडत होता. टप्. मग जरा वेळ काही नाही. मग टप्. त्या रोज संध्याकाळी स्टुलावर चढून तो डबा रिकामा करत होत्या. मी विचारलं, कधीपासून? म्हणाल्या, ‘अकरा वर्षं झाली. वरच्यांनी तीनदा टाइल बदलल्या, डबा काही बदलला नाही.’

सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तीस वर्षांचे व्यवहार तपासले होते आणि एक जिना खाली उतरून बेल वाजवली नव्हती. आपण घेतोय त्या घराबद्दल मालकापेक्षा जास्त माहिती खालच्या मजल्यावर असते, आणि ती फुकट मिळते.

काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिचं मोल मला पुढे कळलं. थेंब सकाळी सात ते नऊ जोरात पडतात, दुपारी थांबतात. जुन्या घरात ओल दिसली की पहिला प्रश्न ‘कधी?’ हाच विचारायचा. पावसाळ्यातच येते, तर पाणी गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येतंय. दिवसरात्र सारखी आहे, तर नळाची लाइन गळतेय, कारण तिच्यात कायम दाब असतो. रात्री मेन कॉक बंद करून बघा, सकाळी फरक पडतो. आणि आंघोळीच्या वेळीच येते, तर फरशीखालून नाहीतर सांडपाण्याच्या पाइपातून. गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. तुमच्या बाथरूममधून खाली जाणारी तुम्ही, तुमच्या पैशाने. त्यामुळे खर्च कुणाचा, हे भांडणही त्या ‘कधी?’ने बरंचसं मिटतं.

मग एक म्हातारे गवंडी मिळाले. आधीच्या कंत्राटदाराने जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवली होती. गवंड्यांनी छिन्नीच्या दांड्याने फरशीवर ठोकलं, पोकळ आवाज आला. म्हणाले, ‘बाई, ही टाइल म्हणजे लाली-पावडर आहे. आजार खाली आहे.’ सगळं फोडलं. नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी जायचं भांडं, आणि बिडाचा जुना पाइप जिथे जोडला होता तो जोड कुजलेला. सगळं पाणी तिथून आतल्या विटांच्या भरावात मुरायचं आणि सवडीने काकूंच्या डब्यात उतरायचं. वरून तीनदा काय, तेरा वेळा टाइल्स बदलल्या असत्या तरी तेच झालं असतं.

जुना भराव स्लॅबपर्यंत काढला. राडारोड्याची सत्तर पोती निघाली. लिफ्ट नाही, तेव्हा पोत्यामागे तीस रुपये उतरवणावळ वेगळी, आणि टेम्पो त्याहून वेगळा. कुठल्याच कोटेशनमध्ये हे दोन आकडे नसतात. ते विचारून लिहून घ्या. मग नवा ट्रॅप, प्लास्टिकचा नवा पाइप, स्लॅबवर आणि भिंतीला फूटभर वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई. आणि मग गवंड्यांनी ट्रॅपचं तोंड बंद करून चार बोटं पाणी भरलं, पाण्याच्या रेषेवर भिंतीला पेन्सिलने खूण केली आणि म्हणाले, ‘आता दोन दिवस मी येत नाही.’

या ४८ तासांना घाई करणारे खूप असतात. कंत्राटदाराला पुढचं काम असतं, आपल्याला भाडं बुडतंय असं वाटतं. मी त्या दोन दिवसांत चारदा काकूंकडे जाऊन छत बघून आले, दर वेळी चहा झाला. छत कोरडं. मगच वर कोबा, म्हणजे सिमेंटचा थर, कोबा सुकल्यावर परत पाणी भरून बघितलं, आणि शेवटी टाइल, ट्रॅपकडे व्यवस्थित उतार देऊन. टाइल लावणं हे त्या सगळ्यातलं दीड दिवसाचं काम होतं.

दुरुस्तीचा अंदाज होता तीन लाख, झाले पाच लाख चाळीस हजार. भाडं १३ हजार, वर्षाचं १ लाख ५६ हजार. त्यातून मेंटेनन्स, मिळकत कर आणि महिनाभर रिकामं राहणं वजा केलं की हाती येतात लाख-सव्वा लाख. ते ४२ लाखांवर मोजायचे नाहीत, साडेतीन आणि पाच-चाळीस मिळवून जवळजवळ ५१ लाखांवर मोजायचे. अडीच टक्क्यांच्या खाली. आमचं ३० लाखांचं कर्ज होतं सव्वादहा टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, हप्ता साडेएकोणतीस हजारांच्या आसपास. भाड्यातून हप्ता फेडू, असं जे म्हणतात ना, ते हप्त्याच्या निम्म्यालाही पोचलं नाही. म्हणून घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण खिशातून दरमहा किती घालावे लागणार, तो आकडा नवराबायको दोघांनाही पाठ हवा.

विजेचं थोडक्यात. त्या काळच्या कित्येक इमारतींत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत, आणि तेव्हा घरात एक फ्रिज, एक इस्त्री एवढाच भार होता. भिंती फोडल्याच आहेत तर वायरिंग बदला, एसी आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन टाका, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. शॉक लागला तर तो क्षणात वीज तोडतो. झिऱ्या मारून, म्हणजे भिंतीत खाचा पाडून, पाइप टाकले की प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे ड्रिल कुठे मारायचं नाही ते त्यात दिसतं. मी काढले नव्हते. देवघराची फळी लावताना ड्रिल पाण्याच्या पाइपात घुसलं, पाणी उडालं, देवांना अभिषेकच झाला.

एक प्रश्न आलाय, कंत्राटदाराला पैसे कसे द्यावेत. तारखेवर देऊ नका, कामावर द्या. ‘पंधरा तारखेला पन्नास हजार’ असं न ठरवता ‘पाण्याची चाचणी पास झाल्यावर पन्नास हजार’ असं लिहा. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवा. आणि सुतारकाम मटेरियलसकट दिलं असेल तर प्लायवूडच्या प्रत्येक शीटवरचा शिक्का बघा. स्वयंपाकघरासाठी ७१० नंबरचं, पाण्याला टिकणारं, प्लायवूड ठरलं होतं. वरच्या दोन शीटवर शिक्का होता, खालच्या सहांवर काहीच नव्हतं. गठ्ठा उलटा करून बघितला म्हणून कळलं.

भिंत पाडण्याबद्दल कुणीतरी विचारलं. आरसीसी इमारतीत आतली चार इंची भिंत पाडता येते, पण तीसुद्धा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून आणि सोसायटीला लेखी कळवून. कॉलम-बीमला हात नाही. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि लोड-बेअरिंग इमारतींत भिंतच वरचा मजला पेलते. तिथे ‘हॉल मोठा करू’ हा विचार घरी जाताना रस्त्यात सोडून द्या.

आणि प्लॉट. हा प्रश्न येणार हे माहीतच होतं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. रस्त्याकडेला ‘गुंठेवारी प्लॉट, सातबारा नावावर’ असे बोर्ड दिसतात. त्या सातबाऱ्यावर बहुतेक वेळा तुमच्यासारखी वीस नावं सामाईक असतात, तुमचा तुकडा कुठला ते त्यात लिहिलेलं नसतं. शेतजमीन असेल तर आपल्या राज्यात ती शेतकऱ्यालाच घेता येते. तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे विकण्यावरच्या बंदीचे, नियम अलीकडे बदलत आहेत, म्हणून आजचा नियम वकिलाकडून लिहून घ्या, एजंटकडून नको. नदीकाठ असेल तर पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

शेवटचं सांगते. २०२२ मध्ये भाचीसाठी फ्लॅट बघत होतो, तिसरा मजला. मालकांचा चहा घेतला, कागदांच्या झेरॉक्स घेतल्या, आणि ह्यांना म्हटलं चला खाली. दुसऱ्या मजल्याची बेल वाजवली. बनियनमधल्या गृहस्थांनी दार उघडलं. मी म्हटलं, दादा, वरचा फ्लॅट घेतोय, तुमचं बाथरूम बघू का? दोन क्षण त्यांना काही कळेना. मग म्हणाले, ‘या ना.’ छत कोरडं ठणठणीत, बेडरूमचंही, स्वयंपाकघराचंही. निघताना त्यांनी दाराशी हळूच सांगितलं, ‘गळती नाही हो ताई, पण वरच्या वहिनी रात्री साडेअकराला खलबत्त्यात कुटायला बसतात.’

म्हटलं, त्या तर विकून चालल्यात. तसा त्यांचा चेहरा जो खुलला! दुसऱ्या दिवशी आम्ही इसार दिला.