भेंडी: बुळबुळीत, पण कामाची

(दृश्य: मोहोळ तालुक्यातलं रान, सकाळ. फुललेली भेंडी.)

फिकट पिवळ्या पाकळ्या, तळाशी गडद किरमिजी ठिपका. सकाळी उमललेलं हे फूल संध्याकाळपर्यंत मिटतं. जास्वंद, कापूस, अंबाडी ही भेंडीची भावकी. फूल नीट पाहिलं की नातं कळतं.

उन्हाळी भेंडी सोलापूर भागात जानेवारीच्या मध्यापासून टोकतात. तेव्हा रात्री गार असतात, म्हणून बी रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून घ्यायचं. खोली दोन-अडीच सेंटीमीटर, जास्त नको. काळ्या रानात वर पपडी धरली की खोल गेलेला कोंब आतच कुजतो. मार्चपर्यंत रेंगाळलात तर फुलोरा ऐन उन्हात सापडतो. पारा 42 च्या वर गेला की फुलं गळायला लागतात, मग पाणी कितीही द्या.

पहिला तोडा 45 ते 50 दिवसांनी, पुढे दिवसाआड. एक तोडा चुकला की शेंग निबर होते. शिवाय झाडाची ताकद बी भरण्यात जाते आणि नवी फुलं कमी लागतात. तोडताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. शेंगेवरची लव भयंकर खाजते.

(दृश्य: पिवळ्या शिरांचं पान, अगदी जवळून.)

हा हळद्या, काही जण केवडा म्हणतात. आधी शिरा पिवळ्या, मग सगळं पान, शेवटी शेंगाही पांढरट. विषाणूचा रोग आहे, पसरवते पांढरी माशी. रोगट झाड बरं करणारं औषध नाही. दिसलं की उपटून पुरायचं. माशीसाठी पिवळे चिकट सापळे आणि 5 टक्के निंबोळी अर्क. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी क्रांती’ हे वाण या रोगापुढे तग धरण्यासाठीच काढलेलं.

(दृश्य: कढईत परतली जाणारी भेंडी.)

स्वयंपाकघराची सगळी खटपट बुळबुळीतपणा घालवण्याची. धुवून, फडक्यानं कोरडी करून मगच चिरायची. तेल चांगलं तापलेलं, झाकण नाही. पाव किलोला दोन-तीन आमसुलं; आंबटानं तार तुटते. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. लोखंडी कढईत भेंडी काळवंडते, चवीला मात्र काही होत नाही. उतरवताना शेंगदाण्याचं कूट, सोबत ज्वारीची भाकरी.

(दृश्य: गुऱ्हाळ. चुलवाण पेटलेलं, काहिलीत उसाचा रस.)

इथे मात्र तोच बुळबुळीतपणा मुद्दाम काढून घेतात. बांधावरची रानभेंडी किंवा तोडे संपलेली भेंडी मुळासकट उपटायची, माती धुवायची, हिरवी खोडं ठेचून पाण्यात भिजवायची आणि हातानं चोळायची. पाणी तार धरू लागलं की कापडातून गाळायचं. हजार लिटर रसाला साधारण दोन किलो खोडं पुरतात.

वेळ साधणं महत्त्वाचं. हे पाणी रस तापत असताना, उकळी फुटायच्या आत घालायचं. रसातला बारीक गाळ त्या चिकट्याला धरतो, गोळे होतात आणि उष्णतेनं वर येतात. हीच मळी. ती झाऱ्यानं लगेच काढायची. खळखळ उकळी आली की मळी फुटून पुन्हा रसात मिसळते. मग गूळ काळपट होतो आणि लवकर पाझरतो. मळी निघाल्यावर आच वाढवायची. काकवी 105 अंशांच्या आसपास उतरते, ढेपेसाठी पाक 118 पर्यंत न्यावा लागतो.

भेंडीनं गूळ स्वच्छ होतो, पिवळाधमक होत नाही. तो रंग बहुधा हायड्रॉसचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रासायनिक पावडरीचा, आणि ठेवणीत तो उतरतो. गिऱ्हाईक रंगावर भाळतं, त्याला गुळव्या काय करणार!

(दृश्य: पाण्यात बुडवलेल्या खोडांच्या पेंढ्या.)

उरलेल्या खोडांचा अंबाडीसारखा वाख निघतो. पेंढ्या पाण्यात पूर्ण बुडवून वर दगड ठेवायचे. साल बोटानं सुटायला लागली की पेंढ्या बाहेर काढायच्या. त्यानंतर जास्त दिवस ठेवल्या तर धागाच कुजतो. धुऊन वाळवलेल्या वाखाची बारीक दोरी वळता येते. अंबाडीइतकी दणकट नाही, पण पेंढ्या बांधायला चालते.