सातवी सीट वर्षातून किती दिवस?

[दृश्य: इमारतीखालचं पार्किंग. दोन खांबांच्या मध्ये जमिनीवर रंगवलेला चौकोन.]

छोटी गाडी घ्यायची की सातसीटर, असा विषय निघाला की घरात आधी किंमत निघते, मग ॲव्हरेज. मुंबई-ठाण्यात मात्र सुरुवात इथून करावी, या चौकोनातून आणि हातात टेप घेऊन.

मुंबईच्या विकास नियमावलीत लहान गाडीची जागा २.३ मीटर रुंद आणि ४.५ मीटर लांब धरलेली आहे. पाच माणसांची वॅगन आर १,६२० मिलिमीटर रुंद. ती आत शिरली की दोन्ही बाजूंना मिळून ६८ सेंटिमीटर उरतात. सात सीटची अर्टिगा १,७३५ रुंद, उरतात साडेछप्पन्न. इनोव्हा क्रिस्टा रुंदीला बसवता येईल, पण ती ४,७३५ मिलिमीटर लांब आहे. तिचा बंपर चौकोनाबाहेर वीतभर येणारच, आणि त्यावरून शेजाऱ्यांशी रोज बोलणं होणार.

साडेछप्पन्न सेंटिमीटर दोन्हीकडे वाटले की बाजूला अठ्ठावीस. आरशांची जागा त्यातूनच जाते. एवढ्या फटीतून तरुण माणूस आडवा होऊन निघेल. गुडघे दुखणाऱ्या आईला ते जमणार नाही. म्हणून मोठी गाडी असलेल्या घरात सगळ्यांना गेटपाशी उतरवतात आणि चालवणारा एकटा आत जातो. डाव्या खांबाला जितकं चिकटता येईल तितकं चिकटून उभी केली, की उजवं दार नीट उघडतं.

यांत्रिक पार्किंग असेल तर गाडी उचलणाऱ्या पाळण्यावर लिहिलेली उंची आणि वजन वाचा. इथे अनेकांचा अंदाज चुकतो. वॅगन आर छोटी असली तरी १,६७५ मिलिमीटर उंच आहे, अर्टिगा १,६९०. पाळण्याची मर्यादा १,५५० असेल तर दोन्ही बाहेर, आणि १,५२० उंचीची स्विफ्ट मात्र आत.

[दृश्य: उघडी डिकी. जमिनीवर बॅगा, तांदळाचं पोतं, मखराचा खोका.]

आता माणसं आणि सामान. अर्टिगाच्या सातही सीट भरल्या की मागे डिकी उरते २०९ लिटर. वॅगन आरची डिकी ३४१ लिटर. म्हणजे सात जण बसलेल्या मोठ्या गाडीत सामानाची जागा छोट्या गाडीपेक्षा कमी! तिसरी रांग आडवी पाडली की तीच डिकी ५५० लिटर होते, पण मग माणसं पाचच. गणपतीला सहकुटुंब कोकणात निघणाऱ्या चाकरमान्याने हे दोन आकडे आधी मनात पक्के करावेत, कारण सात माणसं आणि त्यांच्या सात बॅगा अर्टिगात एका वेळी मावत नाहीत. बॅगा टपावर जातात. टपावर वजन चढलं की गाडी वळणावर जास्त कलते आणि पेट्रोलही जास्त पिते. कॅरिअरवर किती किलो चालतं हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तेवढंच चढवा.

सीएनजी घेणार असाल तर इथे जरा थांबा. ६० लिटरची टाकी अर्टिगात तिसऱ्या रांगेच्या मागे बसते, म्हणजे त्या २०९ लिटरच्या जागेतच. सात माणसं बसली तर हँडबॅग ठेवायलाही जागा शोधावी लागते. वॅगन आरचीही डिकी टाकीनेच भरते, पण तिथे माणसं चार असतील तर अर्धी मागची सीट पाडून बॅगा ठेवता येतात. छोट्या गाड्यांत टाटाने एका मोठ्या टाकीऐवजी ३०-३० लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या. तिथे वरची बरीच जागा वापरता येते.

[दृश्य: तिसऱ्या रांगेत बसलेली व्यक्ती. कॅमेरा गुडघ्यांवर.]

तिसऱ्या रांगेत बसल्यावर पहिल्यांदा कळतं ते गुडघ्यांना. मागच्या ॲक्सलमुळे तिथला तळ उंच असतो आणि छत तर वर सरकत नाही, म्हणून गादी खाली ठेवतात. बसणाऱ्याच्या मांड्या गादीवर टेकत नाहीत, गुडघे वर येतात. दोन तासांनी कंबर बोलायला लागते. चाकं जवळजवळ सीटखालीच असल्याने प्रत्येक खड्डा थेट पोचतो. काचा उघडत नाहीत, एसीचा गारवाही उशिरा येतो. गाडी लागणाऱ्या मुलाला तिथे बसवू नका. आजी-आजोबांना तर नकोच, त्यांची जागा दुसरी रांग. अर्टिगाची दुसरी रांग पुढे-मागे सरकते. ती चार बोटं पुढे घेतली तरी मागच्याला पाय ठेवायला जागा होते, फक्त ही वाटणी निघण्याआधी करून घ्यावी लागते.

एक अडचण बहुतेकांना गाडी घरी आल्यावर कळते. लहान मुलाची सीट दुसऱ्या रांगेत आयसोफिक्सवर, म्हणजे गाडीतच बसवलेल्या कड्यांना अडकवून, बसवली, की त्या बाजूची सीट दुमडून मागे जाता येत नाही. दोन्ही कडेला दोन मुलांच्या सीट असतील तर तिसऱ्या रांगेचा रस्ताच बंद. मग आत जायचं ते डिकीतून.

[दृश्य: घाटातलं वळण. भरलेली गाडी चढावर थांबलेली.]

"छोटी गाडी घाट चढत नाही" हे वाक्य अर्धंच खरं आहे. वॅगन आरचं ९९८ सीसीचं इंजिन ६७ पीएस (जवळजवळ तेवढीच अश्वशक्ती) देतं, अर्टिगाचं १,४६२ सीसीचं १०३. पण पाच माणसांची वॅगन आर आणि सात माणसांची अर्टिगा यांचं भरलेलं वजन घेऊन हिशेब केला, तर टनामागे ताकद एकीत साठच्या थोडी खाली, दुसरीत साठच्या आसपास. खंबाटकीत दोघींनाही दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. खरा त्रास होतो रेनो ट्रायबरला. ती सात माणसं बसवते, पण इंजिन ९९९ सीसीचं, ७२ पीएस. चढावर एसी बंद करायची वेळ येते.

क्लच जळतो तो चढावर थांबून पुन्हा निघताना. वाहतूक कूर्मगतीने सरकत असते, चालवणारा ब्रेक न लावता हाफ-क्लचवर गाडी धरून ठेवतो, आणि दहा मिनिटांत जळका वास येतो. उपाय साधा आहे. थांबलात की हँडब्रेक ओढा, क्लच सोडा, पुढच्या गाडीला दोन गाड्यांएवढं अंतर जाऊ द्या आणि मग एकदाच उचला. वास आलाच तर बाजूला घेऊन क्लच थंड होऊ द्या. उतरताना ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा.

कोकणात गावातल्या शेवटच्या लाल मातीच्या चढावर आणखी एक गोष्ट घडते. अर्टिगा पुढच्या चाकांवर ओढते. मागे माणसं आणि बॅगा भरल्या की चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होऊन ओल्या मातीत फिरत राहतात. तिसऱ्या रांगेतले दोघं खाली उतरले की गाडी निघते. क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते, तिथे हेच वजन मदतीला येतं.

[दृश्य: कागदावर आकडेमोड.]

पैशांचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांब आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के. चार मीटरहून जेमतेम लहान असलेली ट्रायबर त्या रेषेच्या अलीकडे राहते, अर्टिगा पलीकडे जाते. थर्ड पार्टी विम्याचे जून २०२२ मध्ये ठरलेले वार्षिक दर पाहा: १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. टोल मात्र या सगळ्यांना कारचाच.

दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत पाच लाखांचा फरक धरू. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज काढलं तर या फरकाचा हप्ता महिन्याला सुमारे १०,४०० रुपये, वर्षाला सव्वा लाख. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणं, शहरात छोटीचं ॲव्हरेज १६ आणि मोठीचं १२ धरलं, तर मोठीला दोनशे लिटरहून थोडं अधिक पेट्रोल वाढीव लागतं, म्हणजे वीस-बावीस हजार. एकूण दीड लाखाच्या जवळ.

आता भाड्याची सातसीटर. बाहेरगावच्या गाडीला बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किलोमीटर लावतात. किलोमीटरला १५ रुपये धरले तर दिवसाचे साडेचार हजार. चालकाचा भत्ता आणि टोल वेगळे. म्हणजे त्या दीड लाखात वर्षाचे तीस दिवस मोठी गाडी चालकासकट दाराशी येते. म्हणून मागच्या वर्षाचं कॅलेंडर काढा आणि पाचपेक्षा जास्त माणसं एकत्र निघाली ते दिवस मोजा. लग्नं, देवदर्शन, गणपती, मे महिना. दहा-बारा दिवस निघाले तर छोटी गाडी घ्या आणि त्या दिवसांना भाड्याची बोलवा. दर शनिवार-रविवारी सहा जण निघत असतील तर मोठी घ्या, संकोच नको. रोज पाच आणि कधीमधी सात, शिवाय घाट क्वचित, अशा घराला ट्रायबर शोभते. तिची तिसरी रांग काढून घरात ठेवता येते.

मोठी म्हणजे सुरक्षित, या समजुतीवर मात्र निर्णय घेऊ नका. गाड्या आदळून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत वॅगन आरला २०२३ मध्ये प्रौढांसाठी एक तारा मिळाला. २०२४ मध्ये आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या अर्टिगालाही एकच. २०२५ मध्ये दोन्हींत सहा एअरबॅग सरसकट आल्या. बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या.

[दृश्य: पुन्हा तेच पार्किंग. गेटजवळचा रॅम्प.]

टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा. जेवढे जण बसणार तेवढे सगळे बसवा, आजीलाही. डिकीत खऱ्या बॅगा ठेवा. रॅम्पवर मधोमध थांबवून पुन्हा उचला. गतिरोधकावरून हळू न्या आणि पोट घासतं का ऐका. शेवटी आपल्या चौकोनात उभी करा आणि डाव्या खांबाकडचं मागचं दार उघडून बघा.