शिलकीतल्या देशाला जाब कोण विचारणार?

श्रोतेहो, नमस्कार.

विकावं भरपूर, विकत घ्यावं जेमतेम, म्हणजे देशाची तिजोरी भरते, असं मानणाऱ्या विचाराला व्यापारवाद म्हणतात. 1667 मध्ये फ्रान्सचा अर्थमंत्री कोल्बेअर याने परदेशी कापडावर जबर जकात बसवली, ती याच हिशेबाने. पुढे 1752 मध्ये स्कॉटिश विचारवंत डेव्हिड ह्यूमने त्यातली मेख दाखवली. सोनं देशात आलं की भाव चढतात, माल महागतो आणि निर्यात आपसूक घटते. युक्तिवाद बिनतोड आहे. पण आलेला पैसा बाजारात खेळेल, हे त्यात गृहीत धरलंय. तो खेळूच दिला नाही तर?

चीनने नेमकं तेच केलं. निर्यातदार डॉलर घेऊन बँकेत यायचा. मध्यवर्ती बँक ते डॉलर उचलायची, एका डॉलरला साधारण 8.28 युआन या भावाने. जुलै 2005 पर्यंत हा भाव कित्येक वर्षं जागचा हलला नाही. बाजारात आलेले जादा युआन मध्यवर्ती बँक स्वतःचे रोखे विकून पुन्हा शोषून घ्यायची. आणि डॉलर? त्यातले बरेचसे अमेरिकी सरकारच्या रोख्यांत गुंतवले जात. म्हणजे गिऱ्हाइकाला उधारीही दुकानदाराचीच! 2014 च्या मध्याला ही गंगाजळी जवळपास 4 लाख कोटी डॉलरवर पोचली होती.

याची झळ चिनी कुटुंबांनाही बसली, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही. ठेवींवर तुटपुंजं व्याज, युआन स्वस्त ठेवल्यामुळे आयात महाग. पिकवायचं त्यांनी, उपभोगायचं दुसऱ्यांनी.

जगाच्या हिशेबात एकाची शिल्लक, म्हणजे आयातीहून जास्त झालेली निर्यात, ही दुसऱ्याची तूट असते. तरी सुधारायचं ते नेहमी तुटीतल्याने. अडचणीतल्या देशांना कर्ज देणारा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी त्याला कर्ज देताना अटी घालतो. शिलकीतल्या देशाला फक्त सल्ला देतो. जर्मनीची शिलकी बाकी 2015 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 8 टक्क्यांच्या घरात होती. सल्ले बरेच मिळाले, ऐकले किती ते सोडा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने वेगळी योजना मांडली होती. ठरावीक मर्यादेबाहेर शिल्लक साठवणाऱ्या देशालाही आकार भरायला लावायचा. युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ती टिकली नाही, कारण तेव्हा शिलकीत होती अमेरिका. आज तीच अमेरिका तुटीबद्दल गाऱ्हाणं मांडते आहे.

तिने आयात शुल्काचं जुनंच हत्यार पुन्हा उपसलंय. पण देश कमावतो त्याहून जास्त खर्च करत असेल, तर एका दारातून अडवलेला माल दुसऱ्या दारातून आत येतो. 2018 मध्ये चिनी मालावर शुल्क लागलं. पुढच्या काही वर्षांत व्हिएतनाम आणि मेक्सिकोकडून आयात वाढली, आणि 2022 मध्ये अमेरिकेची वस्तुव्यापारातली एकूण तूट 2018 पेक्षाही जास्त होती.