लाल कोट, कथलाचं अंग

रंगवायला घेतलेला हा धातूचा छोटा पुतळा तळव्यापासून डोक्यापर्यंत ५४ मिलिमीटर. पावणेसहा फुटी माणूस १:३२ प्रमाणात लहान केला की साधारण एवढाच भरतो. हा ब्रिटिश पायदळाच्या ३३व्या रेजिमेंटचा शिपाई आहे. साल १८१५, वॉटर्लूची लढाई. अंग प्युटरचं, म्हणजे मुख्यतः कथील. आपल्याकडे भांड्यांना कल्हई होते तेच. कडकपणासाठी त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं मिसळलेलं असतं.

रंगाला अजून अवकाश आहे, आधी धातू. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात, तिथे शिपायाच्या दोन्ही कुशींना एक बारीक रेघ उठते. नुसत्या धातूवर ती नजरेतून सुटते आणि रंग चढला की नेमकी तीच दिसते. ती बारीक कानशीने, एकाच दिशेने काढायची. कथील मऊ, त्यामुळे कानशीच्या दातांत भरून बसतं. भरलेली कानस घासत नाही, ओरखडे काढते. म्हणून तारेच्या ब्रशने ती मध्येमध्ये साफ करायची. वाकलेली संगीन बोटांनी हळूहळू सरळ होते, पण एकदाच. पुन्हापुन्हा वाकवली तर तुटते.

हात वेगळा येतो. नुसत्या सुपरग्लूने चिकटवलेला हात पहिल्या धक्क्याला निखळतो. दोन्ही बाजूंना १ मिलिमीटरचं भोक पाडून आत पितळी तारेचा तुकडा घालायचा आणि मग इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद, लावायचं. शेवटी कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. साच्यातली पावडर किंवा बोटांचं तेल राहिलं, तर रंग नखाने सोलून निघतो.

मग धातूवर चालणारा राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला लेप, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून फवारायचा, दोन पातळ थर. जवळून मारला तर बटणं बुजतात. फार लांबून मारला तर थेंब हवेतच सुकतात आणि अंग पॉलिशपेपरसारखं खरखरीत होतं. मुंबई-कोकणातल्या जुलैत तिसरंच संकट: दमट हवेत फवारा पांढुरका पडतो. तिथे पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर बरा. मग २४ तास हात लावायचा नाही.

चेहरा आधी, कारण कॉलर नंतर त्याच्यावर येते. अॅक्रिलिकचा त्वचेचा रंग खाली, वर तैलरंग. ट्यूबमधला रंग अर्धा तास पुठ्ठ्यावर काढून ठेवला की पुठ्ठा जादा तेल पितो, नाहीतर चेहरा घामेजल्यासारखा चमकतो. खोबणीत आणि नाकाखाली बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, गालावर यलो ऑकर हा मातकट पिवळा आणि पांढरा. डोळ्यात शुद्ध पांढरा नको. भरलात, तर शिपाई भूत बघितल्यासारखा दिसेल.

आणि आता लाल. दुकानातली झगझगीत शेंदरी बाटली इथे चुकीची आहे. तो रंग अधिकाऱ्यांचा, कोचिनील किड्यापासून काढलेला. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवायचे, त्यामुळे तो विटेकडे झुकणारा. खोलीतल्या उजेडात एवढ्याशा चुण्यांमध्ये पुरेशी सावली पडत नाही, ती रंगवावी लागते. आणि लालाची सावली म्हणजे काळा नव्हे. काळ्याने लाल करपतो, तसाच उजेडासाठी पांढरा घातला तर गुलाबी होतो. चुणीच्या खोलात लाल, गडद तपकिरी आणि थेंबभर गडद हिरवा. खांद्यावर, कोपरावर नारिंगी, अगदी टोकाला किंचित त्वचेचा रंग. रंगाचा प्रत्येक थर दुधाइतका पातळ.

३३व्या रेजिमेंटची एक खोड अशी, की कॉलर आणि बाह्यांची टोकंही लालच. बहुतेक रेजिमेंटना तिथे पिवळा, हिरवा असे रंग होते, रंगवणाऱ्याचं काम सोपं. इथे लालावरचा लाल पांढऱ्या फितीने आणि तपकिरी रेघेनेच वेगळा काढायचा. छातीवर एकमेकांना छेदणारे पट्टे पांढरे, पण सुरुवात उबदार राखाडीने, पांढरा फक्त उंचवट्यावर. कडेची रेघ हलली तर पट्टा पुसत बसू नका, शेजारच्या लालानेच ती झाका.

बंदूक इंडिया पॅटर्न, मूळ ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसाठी घडवलेली. ३९ इंची नळी इथे ३१ मिलिमीटर झाली आहे. बरेच जण ती काळी रंगवतात, पण पायदळात नळ्या घासूनपुसून चकचकीत ठेवत.

म्हणून धातूचा रंग सगळ्यात शेवटी. मॅट वॉर्निश आधी मारायचं, कारण त्याच्याखाली कुठलीही चकाकी मरते. ते सुकलं की नळी, संगीन आणि बटणं. साध्या शिपायाची बटणं त्या काळी प्युटरचीच असायची. या शिपायाचीही आहेतच, प्रायमरच्या खाली. टोकदार पात्याने एखाद्या बटणाचा माथा अलगद खरवडला, तर चंदेरी रंगाची बाटली उघडावीही लागत नाही.