फ्रिजवरचा अर्ज

मंडळी, अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मराठी माणसाची त्यात प्रस्तावनाही होत नाही, तरी प्रयत्न करतो.

इथे जर्मनीत, आपल्या गणपतीत मसालेभाताच्या रांगेत आपल्यातलेच एक काका म्हणाले, "भारताला एक हिटलर पाहिजे. सरळ होतील सगळे!" आपण हसलो. मीही हसलो. पुण्यात कॉलेजच्या कट्ट्यावर मीही हेच वाक्य किती वेळा फेकलं असेल! घरी येताना ट्राममध्ये तेरा वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, काकांना सांगू का, आपल्या घरातला एक जण त्याच्या सैन्यात होता?"

तो एक जण म्हणजे माझ्या बायकोचे आजोबा. रुहर या कोळशाच्या पट्ट्यातल्या बोखुम शहराचे. चौदाव्या वर्षी शाळा संपली आणि थेट कोळशाच्या खाणीत. त्यांच्या गोष्टी घरात सगळ्यांना पाठ आहेत: डब्यातला पाव पळवणारे उंदीर, खाली उतरताना एकमेकांना घातलेला 'ग्ल्युक आउफ' हा खाणकामगारांचा नमस्कार, म्हातारपणीचा तो धुळीचा खोकला. कोळसा हवा म्हणून खाणकामगारांना आधी भरतीतून सूट असे. कागदावर 'ऊ-का' लिहीत, म्हणजे याच्यावाचून चालणार नाही. १९४२ साली आजोबांवाचून चालायला लागलं. आपल्याला असं पत्र एचआरकडून येतं. त्यांना आलं ते थेट रशियाच्या आघाडीचं.

आणि चालायला लागलं कशामुळे? रुहरच्या खाणींत सोव्हिएत युद्धकैदी उतरवले म्हणून. लेकीच्या शाळेत हे शिकवतात. जर्मनांच्या हाती लागलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी ३० लाखांहून जास्त मेले, बरेचसे भुकेने. आमच्या घरच्या गोष्टींत उंदीर आहेत, ही माणसं नाहीत.

आजोबा १९४९ साली रशियन कैदेतून परतले आणि पुन्हा त्याच खाणीत उतरले. मधल्या सात वर्षांबद्दल एकच वाक्य: "थंडी फार होती." रविवारी केक कापताना लेकीने आजीला विचारलं, "ओमा, त्या थंडीत ते काय करत होते?" सासूबाई उठून आत गेल्या. बायको रात्रभर माझ्याशी बोलली नाही, जणू प्रश्न मीच पढवला होता.

काका समोरच बसलेत, रागावू नका. पण आपल्या मराठा रेजिमेंटचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनवर एकटे चालून गेले. ठाणं घेतलं आणि तिथेच पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. ते कोणाच्या फौजेशी लढत होते? वीस वर्षांत आपण इथले टॅक्स क्लास तोंडपाठ केले, पण फुटपाथमधल्या पितळी दगडांवरची नाझींच्या बळींची नावं वाचायला कितीजण थांबलो? मी नाही थांबलो. लेकीने थांबवलं.

आता तिने बर्लिनच्या अभिलेखागाराला अर्ज लिहिलाय, पणजोबांची लष्करी कागदपत्रं मागणारा. आजीची सही घेऊनच पाठवायचा, असा तिचा हट्ट. अर्ज फ्रिजवर लावलाय, सिद्धिविनायकाच्या मॅग्नेटखाली. शनिवारी सासूबाई चकल्या शिकायला येणार आहेत. तो काढून ठेवावा की राहू द्यावा, माझं अजून ठरत नाही.