दिवस लांबत चाललाय, आणि साक्षीला मातीची पाटी आहे

[दृश्य: पहाटेचं क्षितिज. हळूहळू उजाडतंय.]

इसवी सनपूर्व १३६. एप्रिलची १५ तारीख. बॅबिलॉन शहरात सूर्य उगवून दीड तास झालाय. एक माणूस आकाशाकडे बघतोय. त्याचं हे नेमून दिलेलं काम आहे: आकाशात जे दिसेल ते ओल्या मातीच्या पाटीवर बोरूनं टोचून लिहायचं.

सूर्याला नैर्ऋत्येकडून ग्रहण लागतं. कड झाकली जाते, मग अर्धं बिंब, आणि थोड्या वेळात अख्खा सूर्य दिसेनासा होतो. खग्रास! भर सकाळी तारे दिसू लागतात.

आणि नोंद किती शांतपणे केली आहे बघा. शुक्र दिसला. बुध दिसला. ओळखीचे तारे दिसले. गुरू आणि मंगळ त्या काळात सूर्याच्या उजेडात हरवलेले होते, तेसुद्धा दिसले. वेळही लिहून ठेवली आहे: सूर्योदयानंतर २४ अंश. त्यांच्या मोजमापात १ अंश म्हणजे आपली ४ मिनिटं. म्हणजे ९६ मिनिटांनी.

[दृश्य: कीलाकार लिपीतली पाटी, अगदी जवळून. बारीक खुणा.]

अशा शेकडो पाट्या आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बऱ्याचशा तुटक्या. पण ही नोंद वाचता येते, आणि तिच्यामुळे एक विचित्र कोडं उभं राहतं.

सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या गतीचं गणित आपल्याला पक्कं माहीत आहे. ते उलटं मोजत गेलं, की त्या दिवशी चंद्राची सावली पृथ्वीवर कुठून गेली ते काढता येतं. मात्र पृथ्वी तेव्हाही आजच्याच वेगानं स्वतःभोवती फिरत होती असं धरलं, तर ती सावली बॅबिलॉनवर पडतच नाही! ती पडते सुमारे ४९ अंश पश्चिमेला, भूमध्य समुद्राच्या पार दुसऱ्या टोकाकडे. वेळेत सांगायचं तर सव्वातीन तासांचा फरक.

पाटी खोटं बोलत नाही. मग चुकतंय ते आपलं गृहीतक. पृथ्वी तेव्हा किंचित जास्त वेगानं फिरत होती.

किंचित म्हणजे किती? मला हा हिशेब फार सुंदर वाटतो, म्हणून जरा थांबून करू या. दिवस शंभर वर्षांत दोन मिलिसेकंदांपेक्षाही कमी वाढतो. एका दिवसात काहीच जाणवणार नाही. पण दोन हजार वर्षांत सात लाखांहून जास्त दिवस उलटतात. तेव्हापासूनचा प्रत्येक दिवस सरासरी एका सेकंदाच्या साठाव्या भागानं लहान होता असं धरा. सात लाख भागिले साठ. साडेअकरा हजारांहून जास्त सेकंद. झाले की सव्वातीन तास!

[दृश्य: भरतीच्या लाटा. वर फिकट चंद्र.]

पृथ्वीला ब्रेक कोण लावतंय? चंद्र. त्याच्या ओढीनं समुद्राला फुगवटा येतो, तीच भरती. पृथ्वी चंद्रापेक्षा भराभर फिरते, त्यामुळे हा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो. चंद्र त्याला मागे खेचतो, आणि उथळ समुद्रांच्या तळाशी पाणी घासत राहतं. भरती-ओहोटीमुळे पृथ्वी मंदावत असणार, असं इमॅन्युएल कांट या तत्त्वज्ञानं १७५४ सालीच लिहिलं होतं. पृथ्वीनं गमावलेली गती चंद्राला मिळते आणि तो दूर सरकतो, वर्षाला ३.८ सेंटीमीटर. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर खास परावर्तक ठेवला. त्यावर लेझर सोडून, प्रकाश परत यायला लागणाऱ्या अडीच सेकंदांवरून हे अंतर मोजलं जातं.

माणसाच्या नोंदी दोन-अडीच हजार वर्षांच्या. त्याच्या मागे जायचं, तर शिंपल्यांना विचारावं लागतं.

[दृश्य: प्रवाळाचा जीवाश्म. पृष्ठभागावर केसाएवढ्या रेषा.]

प्रवाळ रोज चुन्याचा एक पातळ थर चढवतो, आणि ऋतू बदलले की वर्षाचा पट्टाही उमटतो. १९६३ मध्ये जॉन वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञानं डेव्होनियन काळातल्या, म्हणजे ३५ कोटींहून जास्त वर्षं जुन्या प्रवाळांवरच्या रेषा मोजल्या. एका वर्षाच्या पट्ट्यात सुमारे ४०० रेषा! वर्षाची लांबी फारशी बदललेली नाही. म्हणजे दिवसच लहान होता, जेमतेम २२ तासांचा. २०२० मध्ये ओमानमध्ये सापडलेल्या एका शिंपल्यावरही असंच काम प्रसिद्ध झालं. तो प्राणी ७ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर असताना जगला. त्याच्या वर्षात ३७२ दिवस होते, प्रत्येक साधारण साडेतेवीस तासांचा. भिंगाखाली डोळे फोडून रेषा मोजणाऱ्या या लोकांचं मला फार कौतुक वाटतं.

[दृश्य: पुन्हा तीच पाटी.]

पण पाटीनं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती माझ्या मते सगळ्यात मोठी आहे.

भरती-ओहोटीच्या हिशेबानं दिवस दर शतकात २.३ मिलिसेकंदांनी लांबायला हवा. बॅबिलॉन, चीन, ग्रीस आणि अरब जगातल्या ग्रहणांच्या जुन्या नोंदी एकत्र केल्यावर आकडा येतो १.७८. म्हणजे पृथ्वीला उलट थोडा वेगही मिळतोय. कुठून?

याचं मुख्य उत्तर बर्फात आहे. हिमयुगात कॅनडा आणि स्कँडिनेव्हियावर काही किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या भारानं खालची जमीन दबली होती. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तरी ती जमीन अजून सावकाश वर येते आहे. स्वीडन आणि फिनलंडमधल्या समुद्रकिनाऱ्यावर काही ठिकाणी वर्षाला जवळपास एक सेंटीमीटर. ध्रुवांकडचा भाग वर आला, की पृथ्वीचा विषुववृत्ताजवळचा फुगीरपणा किंचित कमी होतो. फिरत्या खुर्चीवर बसून पसरलेले हात जवळ घेतले की वेग वाढतो ना, तसंच.

बॅबिलॉनच्या त्या माणसानं असा बर्फ कधी पाहिला नसेल. त्यानं गुरू आणि मंगळ दिसल्याचं लिहिलं, सूर्य पुन्हा उजळल्याचं लिहिलं, आणि पाटी वाळत ठेवली.